कोठ्यातले मैल

१

बाजार करून उकंडराव संध्याकाळी मेहकरहून जानेफळला परतले. बैलांच्या दमणीतून उतरून त्यांनी गाड्यांच्या मोठ्या फाटकाचं कुलूप स्वतःच्या हाताने काढलं आणि हातपाय धुण्याआधी कंदील घेऊन गुरांच्या कोठ्यात गेले. मोटार तिथेच होती. सकाळी निघताना होती तशीच, तोंड फाटकाकडे करून. त्यांनी दार उघडून कंदील आत धरला आणि मैल दाखवणाऱ्या मीटरवरचे आकडे वाचले. मग पुन्हा वाचले.

सकाळपासून आतापर्यंत मोटार शंभर मैलांहून जास्त चालली होती.

फाटकाची किल्ली दिवसभर त्यांच्या कोटाच्या खिशात होती. कुलूप शाबूत होतं.

"शालिग्राम," त्यांनी हाक मारली.

मोटारीचा ड्रायव्हर शालिग्राम बादली घेऊन आला. पंचविशीचा, अंगाने बारीक, बोलायला कमी.

"गाडी कुठी नेली होती बे?"

"कुठीच नाही जी. मी तं दिसभर मळ्यात होतो."

"मंग भुतानं फिरवली?"

"मले काय मालूम जी. मी आताच आलो."

"फाटकाची दुसरी किल्ली करून घेतली तू. मी दमणीत हाडं खिळखिळी करून बाजाराले जातो, काऊन, तं मैल वाचले पाहिजेत. अन् तू माह्या मागं सवाऱ्या मारून राह्यला."

शालिग्रामने बादली खाली ठेवली.

"शुक्रवारी खामगाववाला गाडीमालक येते मीटर पाहाले," ते म्हणाले. "त्याच्या देखत तुले पोलिसात देतो. लायसन बुलडाण्याले परत. मंग हाक दुसऱ्याचे बैल."

लायसनचं नाव निघाल्यावर शालिग्रामचा हात बंडीच्या खिशाकडे गेला. तो कागद मिळवण्यासाठी त्याने खामगावच्या एका सर्व्हिस मोटारीवर दोन वर्षं टपावर सामान बांधलं होतं. त्याच्या घरात त्याच्याआधी कोणाच्या नावाने सरकारी शिक्क्याचा कागद निघाला नव्हता.

२

दुसऱ्या दिवशी हिंमतराव आले. मेहकरचे निवृत्त फौजदार, उकंडरावांचे शाळेपासूनचे मित्र. मोटारीच्या करारावर साक्षीदार म्हणून त्यांचीच सही होती, म्हणून बोलावणं त्यांना गेलं.

तो करार दसऱ्याच्या आधीचा. त्याच्या आदल्या साली उकंडरावांचे चुलतभाऊ भगवानराव यांनी मोटार विकत घेतली होती. जुनी होती, चढावर धापा टाकायची, पण मोटार होती, आणि ती रोज उकंडरावांच्या दारावरून जायची. कापसाचा भाव पडलेला; नवी मोटार घेणं उकंडरावांना जमणारं नव्हतं. तेव्हा त्यांनी वर्षाच्या मक्त्यावर भाड्याने घ्यायचं ठरवलं आणि तीन ठिकाणच्या मोटारवाल्यांना एकाच दिवशी जानेफळला बोलावलं. तिघांनी एकमेकांना पाहावं, हाच त्यात हेतू होता.

अकोल्याचा म्हणाला, ड्रायव्हर आमचा, हवी तितकी चालवा, मैलांचा हिशेब नाही. पण त्याचं भाडं सर्वांत जास्त आणि मोटार तीन हात फिरलेली. जळगावच्याचं भाडं कमी, पण अनामत मोठी, आणि वाटेत काही मोडलं तर खर्च घेणाऱ्याचा. खामगावच्याची मोटार कोरी होती. उकंडरावांनी एकाचा भाव दुसऱ्याच्या कानावर घातला, दुसऱ्याचा तिसऱ्याच्या, आणि चहावर चहा पाजत तिघांनाही दुपारपर्यंत घाम फोडला.

शेवटी खामगाववाल्याला बाजूला घेऊन त्यांनी उपरणं पुढे केलं. बैलबाजारात करतात तसा सौदा: उपरण्याखाली हातात हात, बोटं दाबून भाव. खामगाववाला कापसाचाही व्यापार करणारा, त्याला बोटांची भाषा येत होती. उकंडरावांनी एक एक बोट मागे ओढत त्याला जळगावच्याही खाली आणलं. उपरणं निघालं तेव्हा त्यांचा चेहरा लग्नातल्या नवऱ्यासारखा झाला होता.

मग खामगाववाला शांतपणे म्हणाला, "वर्षाला तीन हजार मैल. पुढच्या मैलाला चार आणे."

हिंमतरावांनी तेव्हा मित्राच्या कोटाला मागून ओढ दिली होती. उपयोग झाला नाही. उपरण्याखाली हात सुटला की सौदा संपला. त्यानंतर घासाघीस करणारा माणूस बैलबाजारात पुन्हा तोंड दाखवत नाही. आणि बैल घेतल्यावर तो किती कोस चालतो, हे कोणी मोजत नाही. उकंडराव म्हणाले, "चालते."

त्या दिवसापासून ते मैल मोजत होते. दारात भगवानरावांपेक्षा चांगली मोटार, आणि मालक दमणीतून बाजाराला.

हिंमतरावांनी सगळं ऐकून घेतलं, सुपारी कातरली आणि कोठ्यात गेले. मोटार आदल्या संध्याकाळपासून कोणी हलवली नव्हती. शालिग्रामला तिला हात लावायची बंदी होती.

"याच्या आधी गाडी कधी निघाली होती?" त्यांनी विचारलं.

"बाजाराच्या आदल्या दिशी," शालिग्राम म्हणाला. "धाकट्या बाईले रोहिणखेडहून आनलं. वाटेत नाल्यात फसली होती जी, समदी चिखलानं भरली."

"धुतली नाही?"

"बाजाराच्या दिशी सकाळी धुनार होतो. पन मोठ्या बाईनं उजाडताच मळ्यात धाडलं, कापूस येचनाऱ्या बायांवर ध्यान ठेवाले."

हिंमतराव वाकून चाकं पाहू लागले. पुढच्या दोन्ही चाकांवर काळा चिखल वाळून भेगाळला होता. मागच्या उजव्या चाकावरही तसाच. ते मोटारीला वळसा घालून चौथ्या चाकाकडे आले आणि तिथेच उकिडवे बसून राहिले.

मागच्या डाव्या चाकावर चिखलाचा ठिपकाही नव्हता.

"शालिग्राम," ते बसल्या जागेवरून म्हणाले, "एका चाकावर मोटार चालते का बे?"

३

भगवानरावांचा ओटा उकंडरावांच्या फाटकाच्या थेट समोर होता. हिंमतराव गेले तेव्हा भगवानराव तिथेच लोडाला टेकून बसले होते.

"या फौजदार. चोर सापडला म्हन्तात."

"सापडला नाही. तुम्हालेच विचाराले आलो."

"माह्यावर संशय? विचारा ना. मी तं खुश आहे. उकंडाच्या गाडीचे मैल पळाले, हे ऐकून मी काल दोन भाकरी जास्त खाल्ल्या."

"ते दिसतेच."

"पन मी नाही. मले काही करायची गरजच नाही पडत. त्यानं तीन मोटारवाले बोलावले, तिघायले पिळलं, अन् शेवटी गाडी असी घेतली का दारात उभी करून तिले अगरबत्ती लावा. माह्यी गाडी जुना खटारा हाये, पन मी तिच्यात बसतो."

"अकोल्याच्या मोटारवाल्याचा माणूस मागच्या आठवड्यात तुमच्याकडं आला होता म्हणतात."

"आलता. उकंडाचं तिथी जमत नसन तं आमची गाडी तयार हाये, असं सांगून गेला. मी म्हटलं, थोडं थांबा. जमत नाहीच हाये त्याचं." भगवानराव हसले. त्यांच्या हसण्यात मोठी तृप्ती होती.

"बाजाराच्या दिवशी गाडी फाटकातून निघाली का?"

भगवानरावांनी फाटकाकडे नजर टाकली, जशी माणूस आपल्या शेताकडे टाकतो.

"फौजदार, खरं सांगू? ती गाडी आली त्या दिशीपासून मी ओट्यावरून हाललो नाही. बायको म्हन्ते, जेवाले तरी आत या. गाडी कवा निघते, कोन बसते, कवा येते, समदं मले ठावं हाये. धाकटी बाई सात वेळा गेली रोहिणखेडले. उकंडा दोनदा बुलडाण्याले, एकदा खामगावले. मोठी बाई एकदाही नाही. बाजाराच्या दिशी दमणीशिवाय ते फाटक उघडलंच नाही. सकाळी दमणी गेली, दिवे लागता दमणी आली. बस."

"शालिग्रामसाठी खोटं बोलता?"

"उकंडाच्या नोकरासाठी?" भगवानरावांना ते अपमानकारक वाटलं. "त्याले पोलिसात नेताना मी इथूनच पाहीन. पन गाडी निघाली नाही. निघाली असती अन् मले दिसली नसती, असं होऊच शकत नाही."

हिंमतरावांनी तीस वर्षांत बरेच साक्षीदार तपासले होते. यापेक्षा भरवशाचा त्यांना आठवेना. जळणारा माणूस पापणी लववत नाही.

म्हणजे मोटार वाड्याबाहेर गेलीच नव्हती. आणि शंभर मैल चालली होती.

४

उकंडरावांच्या घरात दोन बायका होत्या. थोरल्या झुंबरबाई मेहकरच्या. लग्नाला वीस वर्षं झाली, मूल नाही. धाकट्या पुष्पाबाई रोहिणखेडच्या. तीन वर्षांपूर्वी आलेल्या. उकंडराव स्वतःला न्यायी समजत. लुगडं आणलं तर दोन, पाटल्या केल्या तर दोन जोड. सगळ्या गावाने त्यांचं त्याबद्दल कौतुक ऐकलं होतं, बहुतेक त्यांच्याच तोंडून.

पुष्पाबाई माजघराच्या दाराआड बसून बोलल्या. हिंमतराव उंबऱ्याबाहेर.

"माह्यंच नुकसान झालं भाऊजी. आखाजीच्या सणाले माहेरी जायचं होतं. मालकानं तेवढे मैल राखून ठेवले होते. मले रोज सांगत, तुह्ये इतके उरले, तुह्ये तितके उरले. आता कायचे उरतीन."

"तुमचे मैल, अन् मोठ्या वहिनींचे?"

"त्यायचे कायले? त्यायचं माहेर मेहकरले. ते तं दमणीच्या टप्प्यात हाये, असं मालकच म्हन्तात."

"शालिग्रामनं सवाऱ्या मारल्या असं वाटते तुम्हाले?"

"तो कायच्या सवाऱ्या मारते. त्याले रस्त्यात कोनी हात केला तरी थांबत नाही. मी म्हन्ते थांब, म्हातारी आहे, बसव. तं म्हन्ते, मालक ओरडतीन, वजनानं मैल वाढतात." पुष्पाबाई हसल्या, मग त्यांनी आवाज खाली आणला. "पन मालकापुढं मी बोलली तं म्हन्तीन, तुले त्याचा कायचा कळवळा. म्हनून बोलली नाही."

"मोटार सुरू करायची चावी कोणाकडं असते?"

"घरातल्या समद्या चाव्या मोठ्या बाईच्या कमरेले. ती बी तिथंच. शालिग्राम मागते, त्या देतात."

झुंबरबाई स्वयंपाकघरात तुरीची डाळ पाखडत होत्या. हिंमतराव दिसल्यावर त्यांनी पदर पुढे ओढला, पण सूप थांबलं नाही.

"बसा भाऊजी. च्या ठेवते."

"चहा झाला. बाजाराच्या दिवशी मोटारीची चावी शालिग्रामनं मागितली होती?"

"नाही."

"अन् तुमच्या कमरेची कोणी काढली?"

"माह्या कमरेची चावी कोन काढीन?"

"म्हणजे दिवसभर तुमच्याकडंच होती."

सूप क्षणभर थांबलं. "होती का नाही, ध्यान नाही. घरात हजार कामं असतात."

"शालिग्रामले मळ्यात तुम्ही पाठवलं."

"दर बाजारी पाठवते. मालक नसले का बाया कामचुकारपना करतात."

"त्याले पोलिसात देणार आहेत, वहिनी. शुक्रवारी."

झुंबरबाईंनी सुपातला एक खडा शोधला, उचलला, फेकला. "ते मालकाचं काम. मी बाईमानूस, मले त्यातलं काय कळते."

हिंमतराव बाहेर आले. झुंबरबाईंच्या सुपात पुन्हा आवाज सुरू झाला होता, पण त्यांनी मागे वळून पाहिलं, तेव्हा सूप रिकामंच हलत होतं.

५

वाड्याला लागून उकंडरावांची पिठाची गिरणी होती. तेलावर चालणारं इंजिन. त्याची ठकठक अर्ध्या गावाला ऐकू जाई. गिरणी चालवायला झुंबरबाईंचे धाकटे भाऊ रामराव होते. भिंतीतल्या लहान दारातून गिरणीतून सरळ कोठ्यात जाता येई.

हिंमतराव गिरणीपुढच्या दगडावर बसले. शेजारी दळण घेऊन तानुबाई बसली होती, गावातली म्हातारी, जिच्या जिभेला गिरणीपेक्षा कमी विश्रांती होती.

"काय तानुबाई, नंबर लवकर लागत नाही वाटते."

"आज तं बरं हाये बाबा. बाजाराच्या दिशी ये मंग पाह्य. सकाळधरनं बसली, दार बंद. आत इंजिन चालू हाये, आवाज येऊन राह्यला घरघर घरघर, अन् दार काही उघडत नाही. मी कडी वाजवली, हाका मारल्या. म्हटलं, रामरावा, मेला का जिता हायस. दुपार कलली तसी मी जवारी घेऊन परत गेली."

"मंग दळण कोणाचं चालू होतं?"

"तेच तं म्हन्ते मी. गावातलं कोनाचंच नव्हतं. मी विचारलं ना समद्यायले."

"आवाज रोजच्यासारखाच होता?"

तानुबाईने डोळे बारीक केले. "नाही बाप्पा. रोज ठकठक असते, ताल असते त्याले. त्या दिशी सरळ होता. मांजर घुरघुरते तसा. म्हटलं, नवं इंजिन आनलं का काय."

हिंमतराव उठले आणि लहान दाराने कोठ्यात गेले. आता त्यांना काय पाहायचं ते माहीत होतं. मागच्या डाव्या चाकाच्या मडगार्डमध्ये खालून हात घातला. वाळलेल्या चिखलाचा जाड थर, जणू कोणी आतून लिंपलं होतं. मागे भिंतीजवळ कापसाच्या वाळल्या पराटीचा ढीग होता. त्याच्यावर काळ्या ठिपक्यांची एक उभी रेघ, बरोबर त्या चाकाच्या ओळीत. शालिग्रामला सांगून सीटखालचा जॅक काढवला.

"हा शेवटचा कधी वापरला?"

"दसऱ्यापासून टायर पंचर झालं नाही जी. वापरलाच नाही."

जॅकच्या बुडाला कोठ्यातली ओली माती आणि शेणाचा लगदा चिकटला होता, अजून पुरता वाळलाही नव्हता.

"पाणी पाहिलं का रे मोटारीचं?"

शालिग्रामने रेडिएटरचं झाकण काढलं, बोट घातलं, आणि हिंमतरावांकडे पाहिलं. आत कोरडं होतं. "मी रोहिणखेडहून आल्यावर भरलं होतं जी."

"ठाऊक आहे," हिंमतराव म्हणाले. "शंभर मैल उभ्याउभ्या चालली बिचारी. वारा कुठून लागणार."

शालिग्राम चाकाकडे पाहत राहिला. मग त्याला कळलं. मोटारीचं काम त्याला येत होतं. फक्त असं कोणी करेल, हे त्याच्या मनात आलं नव्हतं.

"मागचं एक चाक उचललं," तो हळू म्हणाला. "बाकी तिघायले दगडं लावले. अन् गिअरमधी टाकली. उचललेलं चाक फिरत राह्यते. मीटरले काय मालूम गाडी जागेवर हाये." तो थांबला. "पन मीटर फिरवून कोनाले काय भेटलं जी? कोनी कुठी गेलंच नाही."

"तेच विचाराले जातो," हिंमतराव म्हणाले.

६

त्यांनी रामरावांना विचारलं नाही. इंजिन चालवता येणारा माणूस घरात तो एकच, लहान दार त्याच्याच गिरणीचं, त्याच दिवशी त्याची गिरणी बंद. पण चावी त्याच्याकडे नव्हती, आणि शालिग्रामला मळ्यात पाठवायचा हुकूमही त्याचा नव्हता. त्याला मैल वाढून मिळणार काहीच नव्हतं. तो बहिणीच्या शब्दाबाहेर नव्हता, एवढंच.

झुंबरबाई मागच्या अंगणात तुळशीजवळ उभ्या होत्या. पुष्पाबाई आत होत्या. उकंडराव बैठकीत.

"वहिनी," हिंमतराव म्हणाले, "मोटार उभी ठेवून मैल कसे पळवायचे, हे रामरावनं सुचवलं, का तुम्ही विचारलं?"

त्यांनी तुळशीचं एक सुकलेलं पान खुडलं. मग त्या म्हणाल्या, "मी विचारलं."

"किती बाजार केलं हे?"

"तीन. पहिल्या दोनदा थोडेच पळवले, मालकाच्या ध्यानात नाही आलं. तिसऱ्यांदा आलं."

"काऊन पण?"

झुंबरबाईंनी पदराचं टोक हातात घेतलं.

"ती रोहिणखेडहून आली ना, का अंगावरची धूळ झटकत नाही. तसीच ओसरीवर बसते. मंग सांगते, घाटात गाडी असी वळली, ससा आडवा गेला, लोकं शेतातून पाहून राह्यले होते. मी भाकरी थापत ऐकते. मंग मालक येतात, अन् दोघं बसून मोजतात. इतके झाले, इतके उरले. आखाजीले इतके लागतीन. लगन होऊन वीस वर्षं झाले भाऊजी. माह्यं काही मोजलं नाही त्यायनं."

"तुम्ही मागितलं असतं तर?"

"मागतलं. दसऱ्याले मागतलं. म्हटले, तुह्यं माहेर दमणीच्या टप्प्यात, तुले मोटर कायले. खरं हाये ते. माय मेली, थोरल्या भावजयीचं तोंड पाहाले कोन जाते. मले कुठी जायचंच नव्हतं." त्यांचा आवाज चढला नाही. "मले ते मैल नकोच होते. तिले उरू नये, बस."

"शालिग्राम?"

इथे त्यांनी पहिल्यांदा मान खाली घातली. "मले वाटलं, यंत्र बिघडलं म्हन्तीन. त्याच्यावर जाईन असं नव्हतं वाटलं."

"गेलं ना."

"हाव. गेलं."

"अन् तुम्ही डाळ पाखडत बसल्या."

"बोलली असती, तं ती हसली असती." झुंबरबाई म्हणाल्या. "तिच्यापुढं. त्या पोरीपुढं मी सांगू, का मी हे केलं?"

"शुक्रवारी सकाळपर्यंत थांबतो," हिंमतराव म्हणाले. "त्याच्या घरात चार जणं त्या लायसनवर जेवतात. तुम्ही नाही बोलल्या तर मी बोलीन. पण मी बोललो तर ते शोधून काढलेलं होईन. तुम्ही बोलल्या तर सांगितलेलं."

७

शुक्रवारी खामगाववाला सकाळीच आला. पोलीस पाटलांना बोलावलं होतं, तेही आले. समोरच्या ओट्यावर भगवानराव धोतराचा सोगा सावरून बसले. शालिग्राम फाटकाजवळ उभा होता. धुतलेली बंडी घालून, लायसनचा कागद हातात धरून, कारण तो मागतील हे त्याला माहीत होतं.

खामगाववाल्याने मीटर पाहिलं आणि भुवया उंचावल्या. अर्ध्या वर्षात तीन हजार पार झाले होते.

"पाटील," उकंडराव म्हणाले, "हा मानूस. माह्या मागं गाडी चोरून—"

"शालिग्रामनं नाही."

सगळे वळले. झुंबरबाई बैठकीतून बाहेर आल्या होत्या. पुरुषांच्या घोळक्यात त्या कधी आल्या नव्हत्या. पदर कपाळापर्यंत होता, पण आवाज सरळ होता.

"मी केलं," त्या म्हणाल्या. "रामराव माह्या हुकमानं करत होता. चावी मी देली. शालिग्रामले मीच मळ्यात धाडत होती."

उकंडराव त्यांच्याकडे पाहत राहिले. "तू? कुठी गेलती तू?"

"कुठीच नाही."

"मंग गाडी—"

"गाडीबी कुठीच नाही."

हिंमतरावांनी रामरावांना खूण केली. रामरावांनी खाली मान घालून जॅक लावला, चाक उचललं, दगड लावले, मोटार सुरू केली. मोटार जागच्या जागी घरघरू लागली, एक चाक हवेत फिरू लागलं, आणि पोलीस पाटलांनी काचेतून वाकून पाहिलं तर आकडे हळूहळू सरकत होते. पाटलांनी मिशीवरून हात फिरवला आणि मागे झाले. हे चोरी म्हणून कुठल्या कलमात बसतं, हे त्यांना सुचेना.

"काऊन पन?" उकंडराव म्हणाले. "माह्यं नुकसान करून तुले काय भेटलं?"

झुंबरबाईंनी दाराकडे पाहिलं. दारात पुष्पाबाई येऊन उभ्या होत्या. उकंडरावांनी एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे. उत्तर त्यांना मिळालं असावं, कारण त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

खामगाववाला खाकरला. "शेठ, गाडी कुठे गेली नाही, कबूल. पण करार मीटरचा आहे. पुढच्या मैलांचे चार आणे. नाहीतर गाडी परत."

"गाडी जागेवर उभी होती," उकंडराव म्हणाले.

"मीटर तर चाललं."

समोरून भगवानरावांचा आवाज आला, अगदी मायेचा. "परवडत नसन तं सांग उकंडा. अकोलेवाल्याले निरोप देतो. त्याच्याकडं मैलाचं लफडंच नाही."

उकंडरावांनी ओठ घट्ट मिटले. मग म्हणाले, "गाडी राह्यते. चार आणे तं चार आणे."

ते शालिग्रामकडे वळले. झुंबरबाईंच्या हातातून त्यांनी चावी घेतली आणि त्याच्यापुढे धरली. "घे. गाडी धुऊन काढ."

शालिग्रामने चावी घेतली नाही.

"धुतो जी," तो म्हणाला. "पन तुम्ही पाटलाले बोलावून मले चोर म्हटलं. पाटील अजून इथीच हायेत."

पाटील आभाळाकडे पाहू लागले. उकंडरावांच्या मानेवरची शीर वर आली, मग खाली गेली.

"पाटील," ते म्हणाले, "हा चोर नाही. मी खोटं बोललो."

शालिग्रामने कागद घडी करून खिशात ठेवला आणि चावी घेतली. दुपारपर्यंत त्याने मोटार आरशासारखी केली.

मग झुंबरबाई बाहेर आल्या. अंगावर दिवाळीचं लुगडं. कोणाला न विचारता त्यांनी मागचं दार उघडलं आणि आत बसल्या. पहिल्यांदाच बसत होत्या, त्यामुळे आधी पाय कुठे ठेवायचा हे त्यांना क्षणभर कळलं नाही.

"कुठी घेऊ बाई?" शालिग्रामने विचारलं.

"मेहकरले. पन लोणारावरून घे."

"लोणार तं मेहकरच्या पलीकडं हाये बाई."

"मले ठावं हाये."

उकंडराव ओसरीवर उभे होते. त्यांचं तोंड उघडलं. दर मैलाचे चार आणे त्यांच्या ओठांपर्यंत आले. समोर ओट्यावर भगवानराव बसले होते, फाटकाजवळ हिंमतराव, दारात पाटील. त्यांनी तोंड मिटलं.

पुष्पाबाई मात्र पायऱ्या उतरून मोटारीपर्यंत आल्या. त्यांनी दारावर हात ठेवला.

"बाई, मी येऊ का?"

झुंबरबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मागची सीट दोन्हीकडे रिकामी होती.

"जागा नाही," त्या म्हणाल्या. "चल शालिग्राम."